कचऱ्याच्या शेडला हापूसचा वास

नोकरीतली बरीच प्रकरणे विसरलो. दरोडे विसरलो, एक-दोन खूनही विसरलो. पण एका वैशाखात खानावळ चालवणाऱ्या बाईने चौकशीत मला उलट विचारलेला प्रश्न आजही डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. खबर आणली पंचायतीच्या एका सदस्याने. सगळे त्याला भाऊ म्हणत. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या बस थांबतात तिथली खानावळवाली मावशी पुलावरून कचऱ्याच्या गोणी खाडीत टाकते, असे त्याचे म्हणणे. सोबत पंचायतीचा अर्जही होता: गुन्हा दाखल करा, म्हणजे आम्हाला खानावळ बंद करता येईल.

खबर खरी होती. खाडीत जाळी लावणारे एक वयस्कर चाचा फाटके जाळे खांद्यावर टाकून ठाण्यात आले. जाळ्यात थर्माकोलच्या थाळ्या, दुधाच्या पिशव्या, मसाल्याची पाकिटे. "साहेब, म्हावरं कमी नि कंपनीवाल्यांचं उष्टंच जास्त गावतं," ते म्हणाले. त्यांच्या मोहल्ल्यातली तरुण पोरे खानावळीवर जायला निघाली होती. चाचांनी त्यांना कसेबसे थोपवले होते.

बाईची चौकशी तिच्या जागी करावी, म्हणून महिला शिपाई घेऊन मी खानावळीतच गेलो. मावशीचा नवरा मुंबईत. सासू आणि दोन मुली याच चुलीवर जगत होत्या. खानावळीला टाळे लागले की ते घरही बंद पडणार, हे उघड होते.

आरोपी आधी नाकारतो, मग दुसऱ्याचे नाव घेतो, हा माझा अनुभव. ही काही नाकारेचना. "मीच टाकल्या. ओहोटी बघून टाकल्या, वाहून जाव्यात म्हणून," भाताचा टोप उतरवता उतरवता तिने सांगितले. मी कायदा सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला आणि पदराला हात पुसले.

"घाला आत. पण आधी सांगा साहेब, टाकू कुठं?"

नगरपालिकेची गाडी हद्दीच्या बाहेर येत नाही. भंगारवाला थाळ्यांना हात लावत नाही. जाळले तर शेजारी भांडतात. पंचायतीने सुक्या कचऱ्यासाठी शेड बांधली, फीत कापली, त्या दिवसाचे वडे तिनेच तळले होते. पुढे ती गोणी घेऊन गेली तर दाराला कुलूप. "भाऊनं लावलान. मला म्हणाला, धंदेवाल्यांसाठी नाय ही, घरच्या कचऱ्यासाठी. घरची माणसं गेली तर त्यांना सांगतो, गाडी येईल तेव्हा या. गाडी अजून कुणी बघितली नाय."

चाचांचे जाळे फाटले होते आणि त्याला तीच जबाबदार होती. ते मी सोडून देणार नव्हतो. पण ती खरे बोलते की नाही हे पाहणे हासुद्धा तपासच होता. दुपारी हवालदारांना घेऊन शेडवर गेलो.

खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात न वापरलेले कुलूप गंजून लाल पडते. हे कुलूप तेल घालून लख्ख ठेवलेले होते. दाराशी गेलो आणि फटीतून वास आला. कोकणात जन्मलेल्या माणसाला आढीचा वास शिकवावा लागत नाही. पेंढ्यात पिकत घातलेला हापूस. हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, कचरा पिकला."

भाऊला बोलावले. चावी पुतण्याबरोबर मुंबईला गेली, असे तो म्हणाला. "आंब्याच्या पेट्यांबरोबर का?" मी विचारले. ग्रामसेवकाला म्हटले, शेड पंचायतीची आहे, मग हे कुलूप कोणाचे ते लेखी द्या. त्याने एकदा भाऊकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि स्वतःच दगड उचलून कुलूप तोडले. पंचांसमक्ष पंचनामा केला. आत गुडघाभर पेंढा, त्यात आंबे, भिंतीला लावलेल्या पेट्या. कचरा वेगळा करायचे डबे कोपऱ्यात एकात एक घालून ठेवलेले, अगदी कोरे.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. बाईपुरते प्रकरण मिटवा, पंचायतीत नाक खुपसू नका. मी म्हटले, साहेब, नाकानेच तर शोध लागला. मी दोन्ही कागद पाठवले. मावशीवर गुन्हा, आणि शेडच्या गैरवापराचा अहवाल गटविकास अधिकाऱ्यांकडे. मावशीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, दंड भरला. खानावळ बंद करण्याचा अर्ज पंचायतीने मुकाट्याने मागे घेतला. स्वतःच्या शेडमध्ये आंबे सापडल्यावर तो रेटायची कोणाची छाती नव्हती.

शेड उघडली त्या सकाळी पहिली गोणी मावशीची होती. मागून चाचा आले आणि शिवण्यापलीकडे गेलेले जाळे त्यांनी तिच्या गोणीवर ठेवले. तिने चहाला बोलावले. "चहानं जाळं शिवत नाय, बाय," ते म्हणाले. मग बसून दोन कप प्यायले.

आता रहिवाशांना आणि व्यावसायिकांना, दोघांनाही पुनर्वापराचा कचरा जवळच देता यावा म्हणून राज्याने कायदा करावा, अशी चर्चा ऐकतो. लगेच शहाणी माणसे म्हणू लागली, आधी लोकांना शिस्त लावा. मी आयुष्यभर लोकांना शिस्त लावायचीच नोकरी केली, म्हणून ठणकावून सांगतो: जागा न देता शिस्त मागणे ही दांडगाई आहे. टाकायला जागा द्या. मग जो खाडीत टाकेल त्याला खुशाल माझ्यासारख्याच्या ताब्यात द्या. कायद्यात घर आणि धंदा दोघांचे नाव लिहा, नाहीतर प्रत्येक गावात एक भाऊ उभा राहून आज याला, उद्या त्याला परत पाठवील.

कायदा करणाऱ्यांना मी एक सूचना पाठवली आहे. हयात कुलपांच्या सोबतीत काढलेल्या माणसाची आहे, तेव्हा हसू नका. शेडला छप्पर द्या, तीन भिंती द्या. दार देऊ नका.