मालतीमावशींचं डांगर

खरबूज हुंगल्याशिवाय मालतीमावशींनी कधी घरात घेतलं नाही. नाशिकच्या द्वारका चौकातल्या फळगाडीवर त्या एखादं उचलायच्या, देठाची बाजू नाकाशी धरायच्या आणि डोळे मिटायच्या. गाडीवाला आणि मी निकालाची वाट बघत उभे. पास झालं तर ते ‘डांगर’. त्यांच्या सटाण्याकडे खरबुजाला तेच म्हणतात. माझ्या माहेरी डांगर म्हणजे लाल भोपळा, पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. नापास झालं तर, "हाई डांगर नही भाऊ, शेंदाड शे!" शेंदाड म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं बेचव फळ.

गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या दारी राहत. माणसांनाही त्या अशाच पारखून घेत. "चांगलं डांगर आन् चांगला मानूस दाराबाहेरूनच समजस," म्हणायच्या. सोसायटीच्या सभेत खरं बोलायच्या वेळी आमचे हे गप्प बसले, तर सगळ्यांदेखत त्यांना ‘शेंदाड शिपाई’ म्हणाल्या. ह्यांना राग आला. मला मात्र फार बरं वाटलं.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशींना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, नजर छताला लागली. "काकू, आई आत आहे की नाही, तेच कळत नाही हो," त्यांची मुलगी वैशाली म्हणाली. तिला तेवढंच कळायला हवं होतं. आम्ही हाका मारल्या, जुने फोटो दाखवले, त्यांची लाडकी खरबुजी रंगाची साडी हातात दिली. नजर हलली नाही.

मग मला सुचलं. घाईघाईत द्वारकेहून खरबूज आणलं, न हुंगताच, आणि त्यांच्या नाकाशी धरलं. वैशालीने माझा दंड गच्च पकडला होता. खोलीत पंखा तेवढा फिरत होता. किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग नाकपुड्या हलल्या. कपाळाला आठी पडली. चांगला हात हळूहळू वर आला आणि त्याने फळ ढकलून दिलं. ते गडगडत पलंगाखाली गेलं.

"शें... दाड," मावशी म्हणाल्या.

वैशाली हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. मी रिक्षा करून तशीच पुन्हा द्वारकेला गेले आणि गाडीवरचं एकेक खरबूज हुंगून पाहिलं. लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

मी निवडून आणलेल्या या दुसऱ्या फळावर मावशींनी हात ठेवला, तो काढलाच नाही. वैशालीने ते बाजूला ठेवलं, तर पुन्हा जवळ ओढलं.

सकाळी वैशालीची रडवेली हाक आली. मी दार उघडलं, तर जिन्यात तोच गोड वास भरून राहिला होता. आत जाईपर्यंत मला वाटत राहिलं, मावशी आहेत.