बुरशी आलेली प्लेट

आमच्या बेसमेंटमध्ये सिनेमावाला राहतो असं सांगितलं की ऑफिसातले लोक उत्साहाने त्याचं नाव विचारत. ते सांगितलं की गप्प होत, कारण ते कोणी ऐकलेलंच नसे.

बासष्ट वर्षांचा आयरिश माणूस. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खाटकाच्या घरी जन्मला, विशीत नाटकात शिरला आणि पुढे दुसऱ्यांच्या सिनेमांत मिळेल ते काम करत राहिला. कधी पोलीस, कधी पाद्री, आणि सगळ्यांत जास्त वेळा प्रेत. "पडून राहायला मला छान जमतं," असं तो स्वतःच सांगायचा. उरलेल्या वेळात स्वतःचे सिनेमे. लिहिणारा तोच, नायक तोच, कॅमेरा लावून पळत त्याच्यासमोर जाऊन उभा राहणाराही तोच. लग्न करून कॅनडात, ओटावाला आला. लग्न मोडलं, हा राहिला आणि शाळेची बस चालवू लागला.

चार सिनेमे त्याने पुरे केले. पाचवा अर्ध्यावर राहिला, कारण नायिकेने मध्येच केस कापले. त्या केसांचं दुःख मी दोन वर्षं ऐकत होतो. सहावा तो आमच्या बेसमेंटमध्येच करत होता. "हाही अर्धा राहिला तर मी नुसती बस चालवीन," असं तो म्हणाला तेव्हा हसला नाही.

गोष्ट साधी होती. बायको जेवता जेवता मरते, आणि नवरा तिची अर्धी जेवलेली प्लेट कोणाला उचलू देत नाही. त्यासाठी त्याने खरोखरच बटाटे-वाटाणे वाढून ती प्लेट टेबलावर ठेवली होती. रोज सकाळी तो तिचा एक शॉट घेई. तीन आठवड्यांत तिच्यावर हिरवी-काळी बुरशी चढली होती. "आईला सांग, हात लावू नका म्हणावं," असं त्याने मला बजावलं होतं. 'आई' हे माझ्या आईचं नावच आहे अशी त्याची समजूत. मी हो म्हटलं, आणि कनाटा उपनगरातल्या ऑफिसच्या कामात साफ विसरलो.

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. शनिवारी सकाळी तो बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत असताना ती खाली गेली आणि समाधानाने वर आली.

"काय माणूस आहे रे हा! ताटावर इतकी बुरशी. घासून ठेवलं मी. टेबलही पुसलं."

खाली धावलो तर तो बुटांसकट दारात उभा होता. सिंकजवळ प्लेट लखलखत होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"शेवटचा शॉट राहिला होता," तो म्हणाला.

नायक त्या प्लेटचं शेवटी काय करतो, हे त्याला ठरवता येत नव्हतं. फोडतो, बर्फात पुरतो, घर सोडून जातो, असे तीन शेवट लिहून त्याने तिन्ही फाडले होते. आता ठरवायला प्लेटच उरली नव्हती.

मी आईला खाली बोलावलं, आणि चूक माझी असूनही तिच्यावरच चिडून सगळं सांगितलं.

"मग मला आधी सांगायचं ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "विचार त्याला, किती दिवस ठेवणार होता?"

मी विचारलं. "तेच तर कळत नव्हतं," तो म्हणाला.

"तुझे बाबा गेले त्या दिवशी त्यांची उपम्याची बशी तशीच पडली होती. हॉस्पिटलमधून आले अन् आधी ती घासली मी. दोनदा घासली. ठेवून काय करायचं होतं?"

हे मला माहीत नव्हतं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो होतो, आणि नंतरही कधी विचारलं नव्हतं. मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं, दोनदा घासल्याचंही.

तो पायरीवर बसून बूट काढत राहिला. मग म्हणाला, "त्या पुन्हा घासतील का? कॅमेऱ्यासमोर?"

आईचे फक्त हात आणि पाठ दिसणार होती. शेजारीण येऊन प्लेट घासते, नवरा ते पाहतो आणि संतापून ओरडतो, असं ठरलं. प्लेटला बटाटा फासला. मी बटण दाबलं.

आईने प्लेट घासली. धुतली, आणि पुन्हा घासली. मग, कोणी सांगितलेलं नसताना, ती वळली आणि ओली प्लेट तिने त्याच्यापुढे धरली. त्याने ओरडायचं होतं. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, खुर्चीत बसला आणि रडू लागला.

हा अभिनय आहे की काय, मला कळेना. मी वाट पाहत राहिलो. पण रडणाराही तोच आणि 'कट' म्हणणाराही तोच, तेव्हा ते म्हणणार कोण? शेवटी मीच म्हणालो, "कट."

त्याने मान वर केली. "झाला," तो म्हणाला. "सिनेमा पुरा झाला."

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की भिंतीला टेकून उभा राहिलो.

"झालं का त्याचं?" आईने विचारलं.

"झालं."

"मग रडू दे त्याला. मला तेव्हा आल्यागेल्यांमुळे नीट रडताही आलं नाही."

एवढं बोलून ती त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. कॅमेरा बंद आहे ना, हे मी एकदा पाहून घेतलं आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.