पगडीचं दुसरं टोक

आमच्या घरी सकाळचा चहा थंड व्हायचा तो तरलोचनसिंगच्या पगडीपायी. चहा करायची मी, थंड करायचे माझे सासरे. त्यांना सगळं सौंसर गाव बापूजी म्हणे. भरला कप ओट्यावर तसाच ठेवून ते समोरच्या घरी जात आणि त्या पोराच्या पगडीचं एक टोक धरून उभे राहत. मी दारातून हाका मारून थकायची.

हे सुरू कसं झालं ते सांगते. तरलोचनचे वडील करतारसिंग संत्र्यांचा ट्रक चालवत. आई तो लहान असतानाच गेली होती. बाप-लेक रोज सकाळी अंगणात समोरासमोर उभे राहत. पगडीचं कापड लांबच लांब. दोघांनी दोन टोकं धरून ते ताणायचं, मग उभ्या घड्या घालत अरुंद करायचं. याला ते पूणी म्हणत. पूणी नीट झाली तरच डोक्यावरचे पेच नीट बसतात. पुढे करतारसिंगही गेले आणि दुसरं टोक धरायला घरात कोणी उरलं नाही. तरलोचन ते खिडकीच्या गजाला बांधू लागला. आता गजाला काय कळतं कधी ताणायचं अन् कधी सोडायचं! पगडी रोज एका कानावर कललेली.

बापूजी स्वतः फेटेवाले, त्यांना ते बघवेना. एक दिवस चहा सोडून तरातरा गेले.

"अबे, काय करून राहिला तू हे? सोड तो गज. दे इकडं."

गाडीवर कडबा आवळावा तसं त्यांनी कापड ओढलं. तरलोचन खेचला जाऊन त्यांच्या अंगावरच आला.

"बापूजी, पगडी होय, कासरा नाही!"

हळूहळू हात बसला आणि मग बापूजींची मिजास सुरू झाली. "आमच्या फेट्याले असा दुसरा माणूस लागत नाही. एकट्यानं बांधला का निंगालो बागेत." हे ते रोज ऐकवत, तेही त्याच्या पगडीचं टोक हातात धरून.

पोरगा मोठा हौशी होता. वडिलांची पगडी जन्मभर पांढरी. हा शर्टाला जुळणारा रंग शोधायला नागपूरच्या बसमध्ये बसायचा. त्याचे नागपूरचे चुलत भाऊ याच्याही पुढे गेले होते, त्यांनी केसच कापून टाकले होते. हा मात्र म्हणायचा, "भाबी, बाबानं शिकवलेली एवढीच गोष्ट मले नीट येते. ते कशी सोडू?" आमच्या घरी तरी काय वेगळं होतं? माझा नवरा मधुकर, त्याला साधी टोपी नको, कपाळावर केसांचा कोंबडा काढून फिरायचा. सख्खा लेक फेट्याला हात लावेना आणि समोरचा पोरगा पगडी सोडेना, म्हणून बापूजींचा जीव त्या घरात गुंतला होता. मला कधीकधी तरलोचनचा हेवाही वाटे.

मग चौऱ्याऐंशीचा नोव्हेंबर आला. दिल्लीत शिखांची घरं पेटल्याच्या बातम्या आल्या आणि बापूजींची झोप उडाली. त्यांनी तरलोचनला आपल्या घरात आणलं, त्याची निळी पगडी उतरवली आणि स्वतःचा दुसरा फेटा त्याला बांधला. त्याला बैलगाडीत बसवून मोहगावकडच्या आमच्या बागेत लपवायचं ठरलं.

"मामाजी, अन् दाढीचं काय?" मी सासऱ्यांना विचारलं.

"फेट्याखाली कोण पाह्यते दाढी!"

गाडी निघाली. बापूजींना वाटलं, कुणाला पत्ता लागणार नाही. पण वाटेत भेटेल तो म्हणे, "राम राम बापूजी! राम राम तरलोचनभाऊ!" गावातल्या केसरबाईनं तर गाडी थांबवून भाकरीचं गाठोडं दिलं आणि फेटा शोभते म्हणून सांगितलं. आठवडाभर तो बागेत राहिला. साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि कुणी परक्यानं विचारलं की सारं गाव म्हणे, तो तर पंजाबला गेला. आपल्या लोकांचा मला एरवी फार राग येतो, पण त्या आठवड्यात नाही आला.

गाव ओळखीचं होतं, रस्ता नव्हता. संत्री दिल्लीला जायची होती; वडिलांचा ट्रक आता तरलोचनच चालवायचा, तेच त्याचं पोट होतं. पहिल्याच खेपेत एका ढाब्यावर चौघांनी त्याला घेरलं आणि पगडी ओढून मातीत टाकली. क्लीनरनं ट्रक सुरू ठेवला होता म्हणून तो जीव घेऊन निसटला. परत आला तो सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"बापूजी, मी केस कापून राहिलो."

मला वाटलं, आता म्हातारा पेटतो.

"काप बाप्पा. पह्यले जीव." बापूजी एवढंच बोलले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मी आत जाऊन रडले. त्या चौघांना काय ठाऊक, ते कापड कुणाच्या हातून ताणलेलं होतं?

तो नागपूरला जाऊन केस कापून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बापूजींनी सवयीनं चहाचा कप ओट्यावर ठेवला, उठले, आणि आता कुठं जायचंच नाही हे आठवल्यासारखे पुन्हा बसले. माझ्यानं बघवेना. तेवढ्यात तरलोचनच दारात आला. बोडकं डोकं, मान खाली, हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं.

बापूजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या डोक्यावरचा बांधलेला फेटा काढला, सगळा उलगडला आणि एक टोक त्याच्यापुढे केलं.

"धर."

"बापूजी, तुमच्या फेट्याले तं दुसरा माणूस लागत नाही."

"आजपासून लागते," बापूजी म्हणाले. "ताण नीट."