देवी, घागरी आणि माझी हलगी

"तुमी निस्तं माझ्या मागं या," म्हणत आमच्या गल्लीतल्या मावशी लुगड्याचा काष्टा आवळायच्या, आणि शहाणा माणूस तिथूनच पळ काढायचा. मी शहाणा नव्हतो. शाळेत मास्तर होतो.

बहात्तरच्या दुष्काळात औरंगाबाद चारी अंगांनी फुगत होतं. नवे कारखाने, नव्या वसाहती. आमच्या गल्लीची वाट मात्र टँकरला सापडत नव्हती, आणि विहिरीत नुसता चिखल. मी झोकदार अक्षरात अर्ज केले. साहेबांनी ते बहुधा जपून ठेवले असावेत. शेवटी बायका मोर्चा घेऊन निघाल्या, तर कचेरीत घागरी न्यायला बंदी!

मावशी सिल्लोडकडच्या, मेंढरांमागं वाढलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवी टोपलीत बसवून डोक्यावर घेतली. देवीला पाण्याला नेताना मागं बायका घागरी घेऊनच चालतात, अडवणार कोण? पण देवीम्होरं हलगी हवीच, आणि हलगीवाला दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला.

"मास्तर, धरा हलगी."

धरली. फाटकावरचा पोलीस हात जोडून बाजूला होतच होता, तेवढ्यात घाबरून मी लग्नाच्या वरातीचा ठेका धरला. मला तेवढा एकच येत होता.

पोलिसाचे हात सुटले. "ओ मास्तर, देवीम्होरं वरात? नवरदेव कुठंय?"

मागच्या बायका जागच्या जागी थिजल्या.

मावशी मान न हलवता म्हणाल्या, "देवीचंच लगीन हाय बाबा. तुझे साहेब मामा हायत. मामाला आवतण नगं व्हय?"

पोलिसाला हसू आवरेना. आम्ही आत.

साहेबांसमोर घागरी मांडून बायका बसल्या. "मामा, वऱ्हाड लई तान्हेलंय," मावशी म्हणाल्या. "पानी दिल्याबिगर उठायचं नाय."

साहेबांनी देवीकडं पाहिलं, माझ्या हलगीकडं पाहिलं आणि फोन उचलला.

परतताना मावशी टँकरच्या केबिनमध्ये, देवी मांडीवर. शेजारी अंग चोरून मी. तिथं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. निजामाच्या काळात खानदेशच्या हद्दीवर जकातीचा नाका होता. निजामाशी लढणाऱ्या पोरांसाठी मावशी टोपलीत देवीखाली काडतुसं दडवून तिथून आणायच्या.

"जमादार आधी हात जोडायचा, मंग वाट द्यायचा."

"भीती नाही वाटली?"

"वाटायची की. पर तवा हलगीवाला बरा व्हता."

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या आठवतात ते गल्लीत नळ आला त्या दिवशीच्या. पुढारी माईकवर मुक्तिसंग्रामातल्या मर्दांचं कौतुक करत होते, फीत कापायची राहिली होती. मावशी वाकून फितीखालून पलीकडं गेल्या आणि तोटी सोडली. बायकांनी असा गलका केला की माईक असून पुढारी कुणाला ऐकू येईनात. मावशी आपल्या ओंजळीओंजळीनं तोंड धूत होत्या.