खापरपणजोबांची बाजू

अजमानच्या कारखान्यात बोटींना रंग देतादेता मी म्हातारा झालो. इतका रंग दिला, की ओतला असता तर अख्खं आखात हिरवं झालं असतं. साठी आली. आता व्हिसा वाढवायचा की नाही, ते अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या हातात. तो मूळ रास अल खैमाचा, दिलदार आणि गोष्टींचा भुकेला. कारखाना मात्र त्याचा मुलगा बघतो.

एका सुट्टीला अरबाबनं मला आणि कारखान्यातल्याच माझ्या गाववाल्या सुताराला घरी बोलावलं. मुलगाही बसला होता. बोलता बोलता त्यांच्या किल्ल्यांचा विषय निघाला. मुंबईहून इंग्रजांचं आरमार आलं, किनाऱ्यावरचे बुरूज तोफांनी पाडले, गलबतं जाळली आणि एकेका शेखाला तहावर सही करायला लावली. वर चाचे म्हणून बदनाम केलं. पुढं दीडशे वर्षं इथली लाटसुद्धा साहेबाला विचारून फुटायची.

मी संधी सोडतो होय? म्हटलं, "अरबाब, आमचे कोकणातले जलदुर्गही त्याच साहेबानं फोडले, आम्हालाही चाचेच म्हणाला! माझ्या खापरपणजोबांनी तर तोफेचा गोळा हातात झेलून परत जहाजावर भिरकावला."

अरबाबचे डोळे भरून आले.

खरं तर आमचे खापरपणजोबा कंपनीच्या पलटणीत होते. पण पोट अरबाकडे असताना मेलेल्या माणसानं जरा बाजू बदलली, तर बिघडलं कुठं?

बिघडवलं गाववाल्यानं. कोकणी माणसाला पलटणीचा अभिमान आवरत नाही. सगळ्यांना कळावं म्हणून छाती काढून हिंदीत म्हणाला, "अरे काका, शरमाते कायको? अरबाब, इनका पूर्वज मुंबई का सिपाही था! जहाज में बैठ के इधरच लढने आया था!"

"गप रव मेल्या!" मी ओरडलो. पण खलास.

मुलगा हसला. "म्हणजे तुम्ही लोक आमच्याकडं तेव्हापासून येताय. तेव्हाही पगारावरच."

त्यांच्यात रीत आहे, मागणं असलं की पाहुणा कॉफी न पिता पेला खाली ठेवतो. मग यजमानानं विचारायचं, काय हवंय? मी पेला ठेवला. अरबाबनं पेल्याकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"पिऊन टाक," म्हणाला. "थंड होतेय."

मी प्यायलो.

महिन्याभरात मला मुंबईच्या विमानात बसवलं. गाववाल्याचा व्हिसा वाढला. खरं बोलला होता ना तो!