टाचेचं शटडाउन

स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, भंगारासारखे आपोआप साचतात. सकाळी सेक्टरच्या मैदानावर पळणारा आमचा कंपू तिघांचा: मी, बोरकर आणि साहू. तिघेही एकाच मिलचे फिटर. यंदा मात्र सगळे किस्से माझ्याच टाचेचे आहेत. उन्हाळ्यात टाचेमागची नस दुखावली, ती बरी व्हायचं नाव घेईना. थंडीत प्लांटमधल्या मिल-मिलची रिले शर्यत असते आणि शेवटचा टप्पा दरवर्षी मी पळतो. पुढच्या वर्षी रिटायर होतोय, म्हणजे ही माझी शेवटचीच रिले. पळता येईल की नाही, या धास्तीने माझं जेवणातही लक्ष नसे.

*

पहिल्याच आठवड्यात बोरकरने मला मैदानातल्या बाकावर बसवलं. स्क्रूड्रायव्हर काढला, टोक माझ्या टाचेला लावलं आणि मूठ स्वतःच्या कानाला. मशीनचं बेअरिंग गेलंय का, हे आम्ही असंच ऐकतो. फिरायला आलेले लोक थांबून बघायला लागले.

"आवाज नाही येऊन राहिला," तो म्हणाला.

मला खरंच हायसं वाटलं. अशी माझी अवस्था!

*

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं, एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं दहा वेळा. साहूने घड्याळ हातात घेतलं. आठवड्याला चाळीस किलोमीटर पळणारा मी, त्या एका मिनिटात नस ओढतेय का एवढंच बघत पळायचो. चालायच्या दोन मिनिटांत एका आजींनी मला मागे टाकलं. माझं तोंड बघून साहू म्हणाला, "भैया, दिल छोटा मत करो. आंटी के दोनों घुटने नए हैं."

*

तीन आठवड्यांनी माझा धीर सुटला. उतईला मावसभावाकडे जाऊन येतो, असं बायकोला सांगितलं, पिशवीत बूट लपवले आणि त्या रस्त्यावर सलग पाच किलोमीटर पळालो. परतलो तेव्हा पाय टेकवत नव्हता. लंगडत घरात शिरलो, तर मावसभाऊ आमच्याच सोफ्यावर चहा पीत बसला होता.

*

सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं. सकाळी बघतो तर माझ्या बुटांना लाल टॅग बांधलेला, वर तिचं नाव. प्लांटमध्ये मशीन बंद करून दुरुस्तीला घेतलं, म्हणजे शटडाउन घेतलं, की स्विचला असा टॅग लागतो. ज्याने बांधला त्यानेच काढायचा, साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. हा नियम तीस वर्षं घरात मीच ऐकवला होता, टॅगही माझ्याच कपाटातला. सहा आठवडे मी त्या बुटांकडे नुसता बघत राहिलो.

"भाभी ने शटडाउन ले लिया," साहूने मिलभर सांगितलं.

*

सहा आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, आता पळा. सुनंदाने त्याच संध्याकाळी आपला टॅग सोडला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आभाळ आलंय. तिसऱ्या दिवशी म्हटलं, पोट ठीक नाही. टाच दुखत नव्हती. मला भीती वाटत होती, पुन्हा नस गेली तर कायमची जाईल याची.

चौथ्या दिवशी सकाळी बोरकर आणि साहू दारात आले. रिलेची नावं दुपारपर्यंत द्यायची होती.

"कावून येऊन नाही राहिला बे?" बोरकरने विचारलं.

मी काही बोलायच्या आत सुनंदा बूट आणायला आत गेली. बाहेर आली ती बुटांकडे बघतच. त्यांना लाल टॅग होता. त्यावर माझं नाव, माझ्याच अक्षरात.

बोरकरने हात पुढे केला. सुनंदाने बूट मागे घेतले.

"थांबा भाऊजी. मले नाही काढता येत, तुमालेही नाही."

तिने बूट माझ्यासमोर ठेवले.

मी खाली बसलो. गाठ चांगलीच आवळून मारली होती, सोडायला वेळ लागला. तिघेही थांबले.