उंबऱ्यातला प्रश्न

लासुर्ण्याला माझ्या मामीकडे गेलं की पाण्याआधी प्रश्न मिळायचा. भरलेला तांब्या हातात घेऊन ती उंबऱ्यातच उभी राहायची. "तीन काळजं असलेला समुद्रातला प्राणी कंचा?" उत्तर आलं नाही तरी पाणी मिळायचं, पण निदान विचार केल्याचं तोंड करावं लागायचं. पोस्टमन, जावई, मतं मागायला आलेले पुढारी, कोणीच सुटलं नाही. साखर कारखान्याचा चिटबॉय ऊसतोडीची तारीख सांगायला आला, तर त्याला विचारलं, "ऊस गवत हाय का झाड?" अख्खा जन्म उसात गेलेला तो गडी म्हणाला, "झाड की!" "गवत हाय. बांबूबी गवतच," म्हणत मामीनं तांब्या पुढं केला. पुढच्या खेपेला तो रस्त्यावरूनच ओरडला, "मामी, तोड सोमवारी हाय, आन् मला तान लागल्याली न्हाय!"

तिचं ज्ञान रेडिओवरचं आणि पुड्यांच्या कागदावरचं. साखर डब्यात पडायच्या आधी कागद वाचून व्हायचा. कागद कडेला फाटलेला असायचा, त्यामुळं एका देशात राजाला हाकलून दिल्याचं तिला ठाऊक असायचं, पण देश कुठला ते पुडीबाहेर राहिलेलं. कोणी खोदून विचारलंच तर मामी खाली बघायची नाही. मान ताठ ठेवून सांगायची, "माहीत न्हाय. हुडकून सांगते." आणि सांगायचीच. विचारणारा विसरून जायचा, पण मामी त्याला बाजारात गाठून उत्तर द्यायची.

चुकण्याचंही तिला वावडं नव्हतं. चंद्रावरून चीनची भिंत दिसते, असं तिनं निम्म्या गावाला छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढं रेडिओवर ऐकलं, की दिसत नाही. झालं! दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती घरोघर निघाली. "भिंतीचं माझं चुकलं बरं का! न्हाय दिसत." एक म्हातारी म्हणाली, "अगं, आमाला कुठं चंद्रावर जायाचंय?" मामी म्हणाली, "म्हून काय खोटं घिऊन बसायचं?"

माझ्या लग्नाच्या वेळी मात्र तिनं आमच्या घरात जाळच काढला. सांगवीला आमच्याकडे मला बघायला पाहुणे आले होते. मुलगा कारखान्यात नोकरीला, घर भरलेलं, वडिलांनी मनातून होकार देऊनही टाकलेला. पोहे झाले, मला स्वयंपाकाचं विचारून झालं. मग मामी मुलाकडे वळली. "आता आमचा एक प्रश्न. भिगवनला रोहित पक्षी येत्यात, त्ये गुलाबी कशानं?"

मुलगा पटकन म्हणाला, "जातच गुलाबी असती त्यांची. भिगवनला आमचं पाहुणं हायत. मी सोता पिलं बघितल्यात घरट्यात, गुलाबीच."

"पिलू राखाडी असतंय. आन् रोहित हितं घरटं करतच न्हाय," मामी म्हणाली. पाहुण्यांचे चेहरे उतरले.

ते गेल्यावर वडील कडाडले, "वहिनी, पाखरापायी पोरीचं स्थळ घालवलंत!"

"आण्णा, पाखराचं त्याला ठावं नसलं तर नसू दे. पण न बघितल्यालं बघितलं म्हनला. उद्या हिला काय काय सांगंल?"

मला त्या वेळी मामीचा रागच आला होता. चांगलं स्थळ हातचं गेलं म्हणून आई रडत होती आणि पुढचं कोण येणार, या धास्तीनं मला झोप नव्हती.

पुढचा आला तो कऱ्हाटीचा. सरळ नाकाचा, कमी बोलणारा. मामीनं पुन्हा तोच प्रश्न टाकला. त्याच्या चुलत्यांनी कोपरानं ढोसलं, तरी तो म्हणाला, "मला न्हाई माहीत. विचारून सांगतो."

त्याच आठवड्यात हा गडी मोटारसायकलवर लासुर्ण्याला मामीच्या दारात हजर! भिगवणला जाऊन नावाडी गाठला होता. "खान्यामुळं, मामी. शेवाळ आन् बारकं किडं खात्यात, त्यानं रंग येतो." मामीनं त्याला आधी पाणी दिलं, मग चहा, आणि सांगवीला फोन लावला. "आण्णा, पोरगी ह्यालाच द्या." आज इतक्या वर्षांनी सांगते, मी सुखात आहे. नवरा आजही थाप मारत नाही. साडी चांगली दिसत नसेल तर तसंही सांगतो.

गेल्या वर्षी मामी बारामतीच्या दवाखान्यात होती. आता ती घरी येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिला ते आमच्याआधी कळलं होतं. मी नुसतीच तिचा हात धरून बसले होते. "गप का? इचार की कायतरी," ती म्हणाली.

माझ्या मनात तेव्हा एकच प्रश्न होता. तो विचारू नये हे कळत होतं, पण मामीसमोर दुसरा कुठला उसना आणणार? मी विचारलं, "मामी, माणूस गेल्यावर कुठं जातं गं?"

शेजारच्या खाटेवरची बाई हात जोडून "देवाघरी, देवाघरी" म्हणाली. मामीनं मान हलवली.

"माहीत न्हाय," ती म्हणाली. मग माझा हात घट्ट दाबला. "हुडकून सांगते."